बाबांचा कॉम्प्युटर रिकामा करण्याआधी

पत्र: नमस्कार. मी कराडची. माझे वडील ७६ वर्षांचे आहेत. १९९६पासून त्यांचं डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, स्मरणिका, मंडळाचा दिवाळी अंक, सगळ्याची अक्षरजुळणी त्यांनीच केली. दुकान आता बंद आहे, पण २०११ साली घेतलेला कॉम्प्युटर घरात आहे आणि त्यात ३८० जीबी भरलेलं आहे. बाबांनी लिहिलेला आमच्या गावाचा इतिहास (श्री-लिपीत टाइप केलेला, अजून छापायचा आहे), २००४पासूनचे घरातले फोटो, धाकट्या बहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ, दुकानाचे टॅलीतले हिशेब. हल्ली काही फोल्डर उघडले की मशीन मिनिटभर अडकून बसतं. मी नवा लॅपटॉप आणि २ टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क घेतली आहे. भाचा म्हणतो, "मावशी, सगळं कट-पेस्ट करून टाकू, अर्ध्या तासाचं काम." दुकानदार जुना कॉम्प्युटर एक्स्चेंजमध्ये घ्यायला तयार आहे. बाबा म्हणतात, कोणी हात लावू नका. काय करू?
– एक वाचक

ताई,

बाबांचं ऐका, निदान हे पत्र वाचून होईपर्यंत. आणि भाच्याला प्रेमाने सांगा की कट-पेस्ट करायचं नाही, कॉपीच करायची. त्याचा उत्साह मोलाचा आहे, पुढे त्याची खूप मदत होणार आहे, पण हा एक मुद्दा सोडू नका.

कारण असं. एकाच डिस्कवर फाइल एका फोल्डरातून दुसऱ्यात कट-पेस्ट केली, तर ती जागची हलतही नाही, फक्त तिची नोंद बदलते. म्हणून ते काम क्षणात होतं आणि कट-पेस्ट निर्धोक आहे अशी सवय लागते. एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर कट-पेस्ट करणं ही वेगळीच गोष्ट आहे. तिथे आधी नक्कल होते आणि मग मूळ पुसलं जातं. मध्येच वायर हलली किंवा वीज गेली तर थोडं इकडे, थोडं तिकडे, आणि कुठलं कुठे आहे हे शोधत बसायचं. आणि समजा सगळं सुरळीत पार पडलं, तरी नवी प्रत धड आहे का हे पाहायच्या आतच जुनी गेलेली असते. तुमच्याकडे ज्याची दुसरी प्रत जगात कुठेच नाही असा मजकूर आहे. तो कायम किमान एका ठिकाणी शाबूत राहिला पाहिजे, या एका अटीवर बाकीचं सगळं ठरवू.

आता ते मिनिटभर अडकणं. तुम्ही ते ओघात लिहिलंय, पण मला पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच वाटते. हार्ड डिस्कच्या आत चकत्या फिरत असतात, डेस्कटॉपमधल्या बहुतेक मिनिटाला ७,२०० फेऱ्यांच्या वेगाने, आणि त्यांच्यावरून अगदी केसापेक्षाही कमी अंतरावरून वाचणारी टोकं सरकतात. एखाद्या जागेवरचा मजकूर नीट वाचता आला नाही की डिस्क हार मानत नाही, त्याच जागी पुन्हा पुन्हा प्रयत्न करते. बाहेरून आपल्याला दिसतं ते 'मशीन अडकलं'. ठरावीक फोल्डर उघडल्यावरच तसं होत असेल, तर डिस्कचा तो भाग खराब होत चालला असण्याची शक्यता बरीच आहे. इतक्या वर्षांच्या डिस्कच्या बाबतीत तर मी तसंच धरून चालेन.

कान लावून ऐका. एकसुरी घरघर किंवा मंद किरकिर असेल तर घाबरू नका. पण ठरावीक अंतराने टक्-टक् असा आवाज येत असेल आणि डिस्क दिसेनाशी होत असेल, तर मशीन लगेच बंद करा आणि पुन्हा चालू करून पाहू नका. तो आवाज वाचणारी टोकं बिघडल्याची खूण असतो आणि त्या अवस्थेत प्रत्येक मिनिट चकत्यांवर ओरखडे काढू शकतं. तिथून पुढचं काम डेटा रिकव्हरी करणाऱ्या प्रयोगशाळेचं. तिथे धूळविरहित खोलीत टोकं बदलतात. गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याला डिस्क उघडू देऊ नका, आणि डिस्क फ्रीजमध्ये ठेवण्याचे जे उपाय फिरत असतात ते तर अजिबात करू नका.

तुमच्या वर्णनावरून गोष्ट तिथवर गेलेली नाही. तरी काही गोष्टी आजपासून बंद. जुन्या मशीनवर डीफ्रॅग (विखुरलेल्या फाइली डिस्कवर पुन्हा रचून ठेवण्याचं काम) करू नका. विंडोज स्वतःहून विचारेल की डिस्क तपासून दुरुस्त करू का, तर नाही म्हणा. ती दुरुस्ती फाइलींच्या नोंदी सरळ करण्यासाठी असते, त्या वाचवण्यासाठी नव्हे, आणि आजारी डिस्कला ती तासन्‌तास राबवते. 'ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल' असा संदेश आला तर काहीही झालं तरी हो म्हणू नका. त्या मशीनला इंटरनेटही जोडू नका. २०११चं म्हणजे बहुधा विंडोज ७ असेल, आणि त्याची सुरक्षा अद्ययावत करणं मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० रोजीच थांबवलं आहे.

पहिलं काम छोटं आहे आणि ते आजच करता येईल. गावाच्या इतिहासाचं फोल्डर एका चांगल्या पेन ड्राइव्हवर कॉपी करा. फोटोंचं, व्हिडिओचं सध्या राहू द्या. शेकडो पानांचा मजकूर असला तरी, चित्रं सोडली तर, तो काही एमबीच भरतो. फोटो गेले तर नातेवाइकांकडून थोडे तरी परत मिळतील, हिशेब सीएच्या कार्यालयात सापडतील. हे पुस्तक फक्त बाबांच्या डोक्यात आणि या डिस्कवर आहे. ते आधी बाहेर काढा.

आणि त्याच फेरीत फॉण्ट बाहेर काढा. यावर जरा सविस्तर लिहिते, कारण संगणकाचं काम करणारी नवी मुलं नेमकी इथेच चुकतात, आणि ही अडचण आपल्या भाषेची असल्यामुळे इंग्रजी मार्गदर्शनात ती सापडत नाही.

आज आपण मोबाइलवर जी मराठी टाइप करतो ती युनिकोडमध्ये असते. 'क'चा क्रमांक जगभर एकच, त्यामुळे कुठल्याही यंत्रावर 'क' हा 'क'च दिसतो. पण युनिकोड आपल्या छपाईच्या दुकानांत रुळायला फार वेळ लागला. त्याआधी, आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं, दुकानांतलं काम पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्री-लिपीवर, पुण्याच्याच सी-डॅकच्या आयएसएमवर, कृतिदेवसारख्या फॉण्टवर चालायचं. त्यांची युक्ती अशी होती की फाइलमध्ये साठवली जायची रोमन अक्षरं आणि चिन्हं, आणि फॉण्ट त्या प्रत्येकाला देवनागरी आकार चढवायचा. म्हणजे बाबांनी 'कृष्णाकाठ' असं टाइप केलं तेव्हा डिस्कवर 'कृष्णाकाठ' लिहिलं गेलंच नाही. रोमन अक्षरांची एक निरर्थक माळ लिहिली गेली, आणि तो विशिष्ट फॉण्ट असेपर्यंतच ती माळ कृष्णाकाठ दिसते. फॉण्ट नसलेल्या नव्या लॅपटॉपवर फाइल उघडली की पानभर कचरा दिसतो. पुष्कळ घरांत 'फाइल करप्ट झाली' म्हणून अशा फाइली पुसून टाकल्या गेल्या आहेत. त्या फाइली अगदी धडधाकट होत्या, सोबत फॉण्ट आला नव्हता एवढंच.

म्हणून सी ड्राइव्हमध्ये विंडोजच्या फोल्डरात 'फॉण्ट्स' नावाचं फोल्डर असतं, ते सगळंच्या सगळं कॉपी करा. निवडानिवड करू नका, आकाराने ते फार नसतं. शिवाय श्री-लिपीचं स्वतःचं फोल्डर असेल तेही घ्या. बाबांना विचारा की पुस्तक कुठल्या फॉण्टमध्ये आहे. 'श्री-देव'नंतर चार आकडे असलेलं नाव ते बहुधा तोंडपाठ सांगतील. ते नाव एका कागदावर लिहून ठेवा आणि त्याच फोल्डरात साध्या मजकुराच्या फाइलमध्येही लिहा. सॉफ्टवेअरची मूळ सीडी आणि श्री-लिपीच्या बऱ्याच जुन्या प्रतींना कुलूप म्हणून लागायचा तो डाँगल, हे दुकानाच्या खणात कुठे असतील तर जपून ठेवा. मशीन एक्स्चेंजमध्ये देताना डाँगल मागच्या बाजूला लागलेला तसाच निघून जातो.

पुस्तकाची मांडणी पेजमेकरमध्ये असेल, आणि त्या काळचं दुकान म्हणजे असणारच, तर अजून एक गुंता आहे. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती, ७.०, २००१ साली आली आणि पुढे ते सॉफ्टवेअर थांबलं. अडोबीचंच इनडिझाइन सीएस६पर्यंत पेजमेकर ६ आणि ७च्या फाइली उघडायचं, त्यानंतरच्या आवृत्त्यांनी तेही सोडलं. शिवाय पेजमेकर मोठी चित्रं बहुधा फाइलीत घेत नाही, ती डिस्कवर कुठे आहेत याचा पत्ता फक्त लक्षात ठेवतो. फोल्डरांची रचना बदलली की पानावर चित्राच्या जागी अंधुक ठसा उरतो. यासाठी दोन गोष्टी करायच्या. एक, फोल्डर जसे आहेत तसेच्या तसे उचलायचे. दोन, जुनं मशीन चालतंय तोवर त्यावरच बाबांकडून पुस्तकाची आणि दिवाळी अंकांची पीडीएफ करून घ्यायची. पीडीएफमध्ये फॉण्ट आत बसतो, त्यामुळे पान कुठेही तसंच दिसतं. पण हे पीडीएफचं काम लगेच नको. त्याला वेळ लागतो, डिस्कही राबते. आधी सगळ्याची नक्कल सुरक्षित होऊ दे, मग करा.

युनिकोडमध्ये रूपांतर हा त्याच्याही पुढचा टप्पा. श्री-लिपीतून युनिकोड करणारे परिवर्तक मिळतात आणि ते कामाचे आहेत. तरी त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. जुन्या फॉण्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते आणि रफार अक्षरानंतर. परिवर्तकाला ते सगळं जागच्या जागी फिरवावं लागतं, आणि 'ऱ्हास', 'वाङ्मय', 'दुर्मिळ' अशा शब्दांवर तो अडखळू शकतो. रूपांतर नेहमी नकलेवर करा, रूपांतर झालेलं कधीही मूळ फाइलवर जतन करू नका, आणि मुद्रितशोधन बाबांना करू दे. इतकी वर्षं प्रुफं वाचलेल्या माणसापेक्षा चांगला तपासनीस तुम्हाला मिळणार नाही.

पेन ड्राइव्ह भरून बाजूला ठेवला की मोठ्या कामाकडे वळा.

माझा आग्रह आहे की हे काम जुन्या मशीनवर बसून करू नये. विंडोज स्वतः त्याच आजारी डिस्कवरून चालत असतं, कॉपी सुरू असताना तेही सतत तिथेच काहीतरी लिहीत-वाचत राहतं. त्यापेक्षा डिस्क बाहेर काढून नव्या लॅपटॉपला बाहेरची डिस्क म्हणून जोडावी. हार्डवेअरच्या दुकानात साटा-ते-यूएसबी केबल मिळते. डेस्कटॉपची डिस्क साडेतीन इंची असते, तिला १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लागतो, तो सोबत असलेलीच केबल घ्या. फक्त लॅपटॉपच्या वायरीवर ती फिरणारच नाही. डिस्क काढणं म्हणजे चार स्क्रू आणि दोन वायरी. भाच्याला जमेल, नाहीतर दुकानातला मुलगा घरी येऊन करून देईल. डिस्क दुकानात ठेवून मात्र येऊ नका.

आधी तब्येत पाहून घ्या. 'क्रिस्टलडिस्कइन्फो' नावाचं मोफत सॉफ्टवेअर डिस्कची स्वतःची नोंदवही वाचून दाखवतं. त्यात 'गुड', 'कॉशन' किंवा 'बॅड' असं लिहून येईल. खालच्या यादीत रीअलोकेटेड सेक्टर आणि करंट पेंडिंग सेक्टर या दोन ओळी पाहा. पहिली म्हणजे खराब झाल्याने बदललेल्या जागा, दुसरी म्हणजे वाचता न आल्याने निकालाची वाट पाहत असलेल्या जागा. दुसरी वाढत असेल तर डिस्क हातातून निसटते आहे असं समजा आणि फोटो सर्वांत आधी, व्हिडिओ शेवटी, असा क्रम ठेवा. अगदीच वाईट दिसलं तर फाइली कॉपी करण्याऐवजी जाणकाराकडून आधी संपूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे आतल्या सगळ्या मजकुराची जशीच्या तशी एकसंध नक्कल, काढून घ्या. लिनक्सवरचं डीडी-रेस्क्यू हे काम शहाणपणाने करतं: धड भाग आधी उचलतं आणि खराब जागांकडे शेवटी परत येतं.

तुमच्या नव्या पोर्टेबल डिस्कबद्दलही थोडं. ती जोडल्यावर २ टीबीऐवजी १.८१ टीबी दिसेल. दुकानदाराने फसवलेलं नाही. कारखाना हजाराच्या पटीत मोजतो आणि विंडोज १,०२४च्या पटीत, त्याचा तो फरक. फॉरमॅट पाहून घ्या: डिस्कवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज. तिथे एनटीएफएस किंवा एक्सफॅट असावं. फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एकही फाइल त्यात बसणार नाही आणि तुमच्या बहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ नेमका तिथे अडकेल. तो जुन्या डीव्ही कॅसेटवरून उतरवलेला असेल तर तासाला सुमारे १३ जीबी भरतो. तुम्ही सगळीकडे विंडोजच वापरणार असाल तर एनटीएफएस बरं. अचानक वीज गेली तर त्याच्या नोंदी सावरून घेण्याची सोय त्यात आहे, एक्सफॅटमध्ये ती नाही. फॉरमॅट बदलायचं तर आत्ताच, डिस्क रिकामी असताना.

(ही डिस्क तुम्ही ओळखीच्या दुकानातून घेतली आहे असं धरून चालते. ऑनलाइन कवडीमोल भावात १६ टीबी म्हणून विकल्या जाणाऱ्या चिमुकल्या डिस्क कोणी सुचवल्या तर घेऊ नका. त्यांच्या आत लहानसं कार्ड असतं आणि मोठी जागा असल्याचं खोटं सांगणारी चिप. जागा संपली तरी कॉपी सुरू राहिल्याचं दिसतं आणि फाइली पोकळ निघतात.)

दिवस निवडताना महावितरणचा विचार करा. तुमच्या भागात दुरुस्तीसाठी ज्या वारी वीज जाते तो वार टाळा, वळवाच्या दिवसांत दुपारी उशिरा सुरुवात करू नका. लॅपटॉपला बॅटरी असते, पण जुन्या डिस्कचा अडॅप्टर भिंतीतल्या विजेवर असतो, त्यामुळे वीज गेली की तीच थांबते. यूपीएस असेल तर अडॅप्टर त्यावर लावा. लॅपटॉप झोपी जाणार नाही अशी सेटिंग करा. दोन्ही डिस्क थेट लॅपटॉपच्या पोर्टमध्ये, मध्ये स्वस्त हब नको. टेबल असं निवडा की कोणाचा पाय वायरीत अडकणार नाही. फिरती डिस्क आडवी ठेवा आणि काम संपेपर्यंत उचलू नका.

आता वेळेचं. अर्ध्या तासात हे होणार नाही. यूएसबी ३ असेल आणि डिस्क धड असेल तर सेकंदाला ८० ते १०० एमबीच्या आसपास वेग मिळतो, म्हणजे ३८० जीबीला सव्वा तास. पण ते मोठ्या फाइलींना लागू. हजारो लहान फाइली असल्या की वेग कोसळतो, आणि खराब जागा आल्या की आणखी. दिवस मोकळा ठेवा. केबल किंवा पोर्ट यूएसबी २ असेल तर नुसत्या मोठ्या फाइलींनाच तीन-साडेतीन तास लागतील.

नव्या डिस्कवर 'बाबांचा कॉम्प्युटर मूळ' असं एक रिकामं फोल्डर करा आणि त्यातच सगळं घ्या. आवरायला बसू नका. 'न्यू फोल्डर ३' आणि 'फायनल नवीन फायनल' अशी नावं पाहून हात शिवशिवतील, तरी आज नावं बदलायची नाहीत, काही पुसायचं नाही, दोन फोल्डर एकत्र करायचे नाहीत. एकत्र करताना सारख्या नावाची फाइल 'रिप्लेस' होते आणि जुन्याने नवं पुसलं जातं. डी ड्राइव्ह सबंध घ्या. सी ड्राइव्हमधून डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स, आणि टॅलीचं डेटा फोल्डर. टॅलीच्या कंपन्या आकड्यांच्या नावाच्या फोल्डरांत असतात, त्यामुळे ते निरुपयोगी वाटून सुटतात. बाबांच्या नावाचं यूजर फोल्डर उघडताना परवानगी नाही असं येईल, तिथे 'कंटिन्यू' म्हणा.

डीटीपीच्या दुकानातला कॉम्प्युटर म्हणजे दिवसाला कितीतरी गिऱ्हाइकांचे पेन ड्राइव्ह लागलेले. तिथे एक जुना व्हायरस हमखास सापडतो. तो खरे फोल्डर लपवतो आणि त्यांच्याच नावाचे शॉर्टकट समोर ठेवतो. म्हणून फाइल एक्स्प्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये जाऊन लपवलेल्या फाइली दिसतील असं करा. त्या व्हायरसने खुणावलेले फोल्डर तरीही दिसले नाहीत तर 'ऑप्शन्स'मधली संरक्षित सिस्टिम फाइली लपवण्याची खूण काढा, काम झाल्यावर ती परत लावा. ज्या आयकॉनच्या कोपऱ्यात छोटा बाण आहे आणि आकार एक-दोन केबी आहे तो शॉर्टकट. त्याची कॉपी करून काहीच हाती येत नाही, आणि त्यावर डबल क्लिक केलं तर व्हायरस नव्या लॅपटॉपवर. आधी विंडोज डिफेंडरची तपासणी चालवावी का, असं भाचा विचारेल. धड डिस्कवर हो. तुमच्या डिस्कवर नको, तो सगळा भार नव्या डिस्कवरच्या नकलेवर टाका. कॉपी झाल्यावर, काहीही उघडण्याआधी, तिचीच तपासणी करा.

कॉपी करताना एखाद्या फाइलीवर गाडी थांबेल. 'सायक्लिक रिडंडन्सी चेक' असा काहीसा संदेश आला तर त्याचा अर्थ ती जागा वाचता येत नाही. 'स्किप' करा, फाइलचं नाव वहीत लिहा, पुढे चला. एका फोटोपायी डिस्कला दहा वेळा 'ट्राय अगेन' करायला लावू नका. बाकीचं सगळं हाती आल्यावर त्या यादीकडे परत येता येईल. एका दमात सगळं न घेता फोल्डर-फोल्डर घेतलंत तर कुठे थांबलात हेही कळेल.

हिरवी पट्टी पूर्ण झाली म्हणजे कॉपी संपली असं सगळे समजतात. मी तसं समजत नाही. विंडोज कधीकधी थोडा मजकूर आधी मेमरीत धरतं आणि मग डिस्कवर उतरवतं. तेव्हा 'सेफली रिमूव्ह'ने डिस्क काढा, पुन्हा जोडा, आणि मग तपासणीला बसा. जुन्या आणि नव्या फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज पाहा: फाइलींची संख्या आणि 'साइज' या दोन ओळी जुळल्या पाहिजेत, 'स्किप' केलेल्या सोडून. त्याखालची 'साइज ऑन डिस्क' जुळणार नाही, ती डिस्कगणिक वेगळी येते, तिने दचकू नका. डिस्क धड निघाली असेल तर त्यापुढे जाऊन टेराकॉपीसारख्या सॉफ्टवेअरने कॉपी केल्यास ते चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) काढून दोन्ही बाजू अक्षर-न्‌-अक्षर ताडून पाहतं. आजारी डिस्कवर सगळं दोनदा वाचायला लावण्यापेक्षा फक्त पुस्तकाच्या फोल्डरासाठी हे करा.

आणि उघडून पाहा. प्रत्येक वर्षातले काही फोटो पूर्ण मोठे करून, कारण तुटलेल्या फोटोचा लहान ठसा पुष्कळदा चांगला दिसतो. व्हिडिओ सुरुवातीला, मधे आणि शेवटी. पुस्तकाची फाइल फॉण्ट बसवून, बाबांना शेजारी बसवून.

बाबांनी 'हात लावू नका' म्हटलं त्यात मला हट्ट दिसत नाही. कुठलं प्रकरण खरं शेवटचं आहे, कुठल्या फोल्डरातल्या फोटोवर कोण आहे, 'नवीन २' म्हणजे काय, हे फक्त त्यांना माहीत आहे, आणि आपण गेलो की ते सगळं विस्कटेल ही त्यांना भीती असणार. त्यांना सांगा की आम्ही काही हलवत नाही, तुमची मांडणी जशीच्या तशी राहणार आहे. मग त्यांना विचारत विचारत एक वही करा: फोल्डरचं नाव आणि त्यात काय आहे. २००४ सालच्या फोटोंतल्या माणसांची नावं आत्ता लिहून घेतलीत तर ती राहतील. फोटो कॉपी झाल्यावर 'क्रिएटेड'ची तारीख आजची दिसेल, त्याने गोंधळू नका. कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोच्या आत खरी तारीख वेगळी नोंदलेली असते आणि ती कॉपीत टिकते. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवला की टिकत नाही, चित्रही दाबलं जातं. म्हणून भावंडांना फोटो द्यायचे तर पेन ड्राइव्हने द्या.

आता सगळं नव्या डिस्कवर आहे, तपासलेलं आहे. तरी मी म्हणेन की जुन्यावर अजून काही पुसू नका, कारण नवी डिस्क नवी आहे एवढ्याने भरवशाची ठरत नाही. पोर्टेबल डिस्क टेबलावरून पडली की संपली. दुसरी एक डिस्क घ्या, शक्यतो वेगळ्या कंपनीची, तिच्यावर हेच सगळं पुन्हा उतरवा आणि ती दुसऱ्या घरी ठेवा, बहिणीकडे किंवा विश्वासातल्या नातेवाइकाकडे. एकाच कपाटात दोन्ही डिस्क ठेवल्या तर चोरी, आग किंवा पुराचं पाणी दोन्ही एकदम नेतं. तुमच्या गावाला कृष्णा-कोयनेचा पूर काही नवा नाही. पुस्तक, त्याचे फॉण्ट आणि पीडीएफ गूगल ड्राइव्हवरही ठेवा. तिथे १५ जीबी मोफत मिळतात आणि याला त्यातला छोटासा कोपरा पुरेल. डिस्क वर्षानुवर्षं कपाटात निजवून ठेवू नका. दर दोन-तीन महिन्यांनी जोडा, चार फाइली उघडा.

नव्या लॅपटॉपबद्दल एक सूचना. विंडोज ११ पुष्कळदा आतली डिस्क आपोआप कुलूपबंद करतं आणि त्याची ४८ अंकी किल्ली तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवतं. ती शोधून कागदावर उतरवून घ्या. उद्या लॅपटॉप बिघडला तर त्या आकड्यांशिवाय आतलं काहीही बाहेर येणार नाही.

राहिला एक्स्चेंजचा प्रश्न. मशीन द्या, पण डिस्कशिवाय. डिलीट केल्याने किंवा क्विक फॉरमॅटने मजकूर जात नाही, फक्त त्याची नोंद जाते, आणि साध्या मोफत सॉफ्टवेअरने तो परत काढता येतो. यात तुमच्या घरापेक्षा मला गिऱ्हाइकांची जास्त काळजी आहे. डीटीपीच्या दुकानात लोक आधार, पॅन, दाखले, पासपोर्ट फोटो विश्वासाने देऊन जातात आणि त्या स्कॅन केलेल्या प्रती वर्षानुवर्षं डिस्कवर पडून राहतात. त्या कुठल्याशा भंगाराच्या बाजारात पोहोचणं योग्य नाही. घरच्या नव्या प्रतींमधूनही, आवराआवर कराल तेव्हा, त्या लोकांची कागदपत्रं काढून टाका. ती आपली नव्हेत आणि दुकान बंद झाल्यावर ती ठेवण्याचं कारणही उरत नाही. दुकानाचे हिशेब मात्र ठेवा. जीएसटीच्या नियमाप्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ते जपावे लागतात. कधीपर्यंतचे ठेवायचे हे सीएला एकदा विचारून घ्या.

पण मशीन देण्याआधी ती पीडीएफ करायची आहे, विसरू नका. डिस्क जुन्या पेटीत परत बसवा आणि बाबांना त्यांच्या खुर्चीवर बसून पुस्तकाची, अंकांची, त्यांना हव्या त्या पत्रिकांची पीडीएफ करू दे. त्याला महिना लागला तर लागू दे. दुकानदाराला आत्ताच विचारून ठेवा की डिस्कशिवाय मशीन दिलं तर एक्स्चेंजची किंमत किती धरणार. थोडी कमी धरेल, तेवढं सोडून द्या. आणि 'स्किप' कराव्या लागलेल्या फाइलींची यादी मला पाठवा, त्यातल्या कुठल्यांसाठी प्रयोगशाळेचा खर्च करावा हे मिळून ठरवू.